सव्वानऊची वेळ

केमीत फेब्रुवारीच्या सुरुवातीला
सव्वानऊला नुकतं कुठे उजाडत असतं.
तौनो लेहतिनिएमी दारातच बूट काढतात,
लोकरीच्या मोज्यांवर आत येतात, डाव्या अंगठ्याला रफू.
टोपी आधी मांडीवर,
मग खुर्ची मागे कलते तशी छातीवर,
जणू कुणाच्या तरी अंत्यविधीला उभे आहेत,
फक्त आडवे.

मी त्यांच्या गळ्यात कागदी लाळेरं अडकवते.
एकोणऐंशी वर्षांच्या माणसाला लाळेरं बांधताना
काय बोलायचं असतं, मला अकरा वर्षांत कुणी शिकवलेलं नाही.
म्हणून म्हणते, बाहेर उणे एकवीस.
ते म्हणतात, हं.

डॉक्टर हिल्ला म्हणते, आ करा.
या गावात माणसं तोंड उघडतात ती एवढ्याचसाठी.

मग हजेरी.
एक-आठ, नाही. एक-सात, आहे.
एक-सहा, चांदी, जुनी, पण धरून आहे.
ती पुकारते, मी टंकते.
दोन-पाच गैरहजर, गेल्या वर्षीही होता.
मग हिरड्यांची खोली, मिलिमीटरमध्ये:
तीन, दोन, तीन. दोन, दोन, चार.
चार म्हणताना तिचा आवाज किंचित उतरतो
आणि छताकडे लागलेले डोळे
एकदा माझ्याकडे येऊन जातात.
चार म्हणजे काही नाही, मी भुवयांनी सांगते.
मास्क लावल्यावर बोलायला तेवढंच उरतं.

एक्स-रेला आम्ही दोघी बाहेर जातो.
नेहमीच जातो. तेवढे दोन क्षण
माणूस खोलीत अगदी एकटा,
दातांत प्लॅस्टिकचा तुकडा घट्ट धरून,
सांगितलंय म्हणून.

परत येतो तर पडद्यावर दाढा.
खालच्या, दोन्हीकडच्या, माथे सपाट,
टाकीला आलेल्या जात्यासारखे.
कीड नाही, हिल्ला म्हणते, पण झिजल्यात फार.
रात्री झोपेत दात खाता का?

तोंडात आरसा असताना प्रश्न विचारायचा,
ही आमच्या धंद्याची जुनी खोड.
ती आरसा काढते. थांबते.

मला काय माहीत, ते म्हणतात. मी झोपलेला असतो.

लाळ ओढणारी नळी
बराच वेळ रिकामीच सुरसुरत राहते.

आयली म्हणायची, ते म्हणतात,
आज पुन्हा रात्रभर बर्फ फोडलास.
मी म्हणायचो, फोडणारच.
एकतीस वर्षं बर्फफोड्या जहाजाच्या इंजिनावर होतो ना.
मला वाटायचं, थट्टा करते.

फार आवाज होत असेल का?

हिल्ला खोटं बोलत नाही. कधीकधी होतो, म्हणते,
भिंतीपलीकडे जाईल इतका.

अठ्ठेचाळीस वर्षं, ते म्हणतात.
आणि शेजारची खोली तर मोकळीच होती.

त्यानंतर जे व्हायचं ते होतं.
दातांमागचा दगड खरवडला जातो,
कवटीत कुणी खिळ्याने पाटी घासावी तसा आवाज.
पुदिन्याची पेस्ट, चूळ भरा, थुंकी गुलाबी दिसेल,
घाबरायचं नाही.
रात्री घालायचं एक कवच मिळतं, हिल्ला सांगते,
मऊ, पारदर्शक. दाढा वाचतील. आवाजही थांबेल.
ते बुटाची नाडी बांधता बांधता थांबतात.
बघू, म्हणतात.

मी पुढच्या फेब्रुवारीची तारीख लिहून देते.
ते गेल्यावर दिसतं, टोपी खुर्चीवरच.
उणे एकवीस.
मी पायऱ्या उतरून पळत सुटते, कोटाशिवाय,

आणि मग तिथेच थबकते.
गाड्यांच्या रांगेपाशी ते उघड्या डोक्याने उभे,
तोंड मिटलेलं,
जबडा हळूच डावीकडे, हळूच उजवीकडे,
मान जराशी कलती
आणि कान आतल्या बाजूला लावलेला.